जागा तीच, पट्टी जुनी : ‘पीनट्स’च्या पुनर्मुद्रणाचे प्रकरण

१६ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकी व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले. मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले, पक्षाघाताचे झटकेही येऊन गेले. पुढच्या उपचारांत त्यांना नीट दिसेना, वाचणेही जड जाऊ लागले. १४ डिसेंबरला त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी त्यांची ‘पीनट्स’ ही चित्रपट्टी ७५ देशांतल्या २,६०० हून अधिक वृत्तपत्रांत, २१ भाषांमध्ये छापली जात होती. शेवटची दैनिक पट्टी ३ जानेवारी २००० रोजी आली, शेवटची रविवारची १३ फेब्रुवारीला. शुल्झ गेले ते १२ फेब्रुवारीच्या रात्री. रविवारच्या रंगीत पुरवण्या आधीच छापून तयार असतात. त्यामुळे निरोपाची पट्टी आणि मृत्यूची बातमी वाचकांच्या हाती एकाच सकाळी पडली.

या योगायोगाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. आमचा विषय त्याच्या आधीचा आहे : ४ जानेवारी २००० च्या अंकात, रोज जिथे ‘पीनट्स’चा नायक चार्ली ब्राउन असायचा त्या जागेत काय छापायचे? निर्णय असा झाला की पट्टी दुसऱ्या कोणी काढायची नाही. जुन्याच पट्ट्या, १९७४ सालापासूनच्या, ‘क्लासिक पीनट्स’ या नावाने पुन्हा द्यायच्या. बहुसंख्य वृत्तपत्रांनी त्या घेतल्या, आणि दशकभरानंतरही दोन हजारांहून अधिक वृत्तपत्रे त्या छापत होती. ज्या पानावर रोज ताजा माल लागतो, तिथे शिळी म्हणता येईल अशी गोष्ट इतकी वर्षे का टिकली, हे समजून घ्यायचे तर ती मुळात कशी बांधली होती तिथपासून सुरुवात करावी लागते.

साठा किती होता

अमेरिकेत वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवण्याचे काम सिंडिकेट नावाच्या संस्था करतात. चित्रकार सिंडिकेटला पट्टी देतो आणि सिंडिकेट ती शेकडो वृत्तपत्रांना विकते. संपादन, छपाईच्या प्रती, रविवारच्या पट्टीचे रंग या सगळ्यासाठी चित्रकाराला बरेच पुढे राहावे लागते. शुल्झ किती पुढे होते याचा अंदाज तारखांवरूनच येतो. १६ नोव्हेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत नेहमीच्या दैनिक पट्ट्या येत राहिल्या, म्हणजे सुमारे साडेसहा आठवड्यांचा साठा. रविवारच्या नव्या पट्ट्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरल्या, म्हणजे जवळपास बारा आठवडे. माणूस आजारी पडला तरी पान लगेच रिकामे पडत नाही, ते या साठ्यामुळे. पण सहा आठवडे संपायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात कायमचा निर्णय घ्यावा लागतो.

शुल्झ यांच्याकडे मदतनीस असते तर गोष्ट वेगळी झाली असती. अनेक लोकप्रिय पट्ट्यांमध्ये मूळ चित्रकार विनोद सुचवतो, पेन्सिलीचे काम एक जण करतो, शाईचे दुसरा, अक्षरे तिसरा. अशी घडी बसलेली असली की मूळ माणूस गेल्याचे वाचकाला वर्षभर कळतही नाही. ‘पीनट्स’ची वृत्तपत्री पट्टी मात्र कल्पनेपासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच हाताची होती. २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात एकूण १७,८९७ पट्ट्या झाल्या : १५,३९१ दैनिक आणि २,५०६ रविवारच्या. ते काढायचे एस्टरब्रुक कंपनीच्या ९१४ क्रमांकाच्या निबने, आणि कंपनी बंद होताना उरलेला साठा त्यांनी उचलून ठेवला होता. १९८१ मधल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हाताला कंप सुटला. १९९० च्या दशकातल्या पट्ट्यांत रेषा थरथरलेली स्पष्ट दिसते, पण ती त्यांचीच राहिली.

या पन्नास वर्षांत जुन्या पट्ट्या छापण्याची वेळ एकदाच आली होती. शुल्झ यांच्या पंचाहत्तरीनिमित्त २७ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर १९९७ असे पाच आठवडे त्यांनी सुट्टी घेतली आणि त्या काळात निवडक जुन्या पट्ट्या दिल्या गेल्या. दोन वर्षांनी जे कायमचे करावे लागणार होते त्याची ती नकळत झालेली रंगीत तालीम होती. पाच आठवडे वाचक जुन्या पट्टीसोबत राहू शकतो, एवढे त्यातून दिसले होते.

समोरचे तीन रस्ते

पहिला रस्ता वारसाचा. ‘ब्लाँडी’ ही पट्टी १९३० मध्ये चिक यंग यांनी सुरू केली. १९७३ मध्ये ते गेल्यावर मुलगा डीन यंग याने ती चालवली आणि ती चालली. त्या पट्टीचा गाभा घरगुती प्रसंगांच्या ठरलेल्या साच्यात आहे : ब्लाँडीच्या नवऱ्याची, डगवुडची, डुलकी, उंचच उंच सँडविच, साहेबाची बोलणी. हा साचा दुसऱ्याच्या हाती देता येतो. याउलट ‘लिटल ऑर्फन ॲनी’. हॅरॉल्ड ग्रे १९६८ मध्ये गेल्यावर एकामागून एक चित्रकार आले, जम बसला नाही, आणि १९७४ मध्ये सिंडिकेटने १९३० च्या दशकातल्या जुन्या पट्ट्या छापायला घेतल्या. पाच वर्षांनी पुन्हा नवा चित्रकार नेमला गेला. म्हणजे पुनर्मुद्रणाचा प्रयोग आधी झालेला होता आणि तो तात्पुरती मलमपट्टी म्हणूनच पाहिला गेला होता. ॲनीची गोष्ट सलग कथानकाची होती. वाचकाला पुढे काय होणार हे हवे असते, आणि जुन्या कथानकात ते आधीच होऊन गेलेले असते.

‘पीनट्स’च्या बाबतीत वारसाचा रस्ता नुसता कागदावर नव्हता. मालकी हक्क युनायटेड फीचर सिंडिकेटकडे होते, आणि सिंडिकेटने पूर्वी एकदा अल प्लॅस्टिनो या अनुभवी चित्रकाराकडून ‘पीनट्स’च्या नमुना पट्ट्या काढूनही घेतल्या होत्या. त्या कधी छापल्या गेल्या नाहीत. डोक्याचा गोल, बंडीवरची नागमोडी पट्टी, कुत्र्याचे घर या सगळ्याची नक्कल सराईत माणसाला जमते. पण शुल्झ यांची पट्टी एका माणसाच्या रोजच्या मनःस्थितीवर चालायची. ज्या दिवशी त्यांना उदास वाटे त्या दिवशी चार्ली ब्राउन भिंतीला रेलून उदास असे. दुसऱ्याने हे काढले असते तर आकार बरोबर आले असते, पण चार्ली ब्राउनचे मन रिकामे राहिले असते. निरोपाच्या पत्रात शुल्झ यांनी स्पष्ट लिहिले की दुसऱ्या कोणी ही पट्टी पुढे चालवू नये अशी कुटुंबाची इच्छा आहे. हा निर्णय योग्यच होता असे आमचे ठाम मत आहे.

दुसरा रस्ता : जागा सोडून द्यायची, नव्या माणसाला मिळू द्यायची. याबद्दल पुढे बोलू, कारण या प्रकरणातली खरी किंमत तिथे मोजली गेली.

तिसरा रस्ता पुनर्मुद्रणाचा.

ही पट्टी पुन्हा छापता येते, ती का

सगळ्या पट्ट्या पुन्हा छापता येत नाहीत. राजकीय पट्टी दोन वर्षांत तळटिपांशिवाय कळेनाशी होते. साहसकथेची पट्टी रोज दोन-तीन चौकटींनी पुढे सरकते, आणि शेवट माहीत असलेला वाचक ती रोज उघडून पाहत नाही. पात्रांचे वय वाढते अशा पट्टीचा प्रश्न आणखी निराळा. ‘गॅसोलिन ॲली’ १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२१ मध्ये दारात सापडलेले बाळ तिथे खऱ्या काळाबरोबर मोठे झाले, युद्धावर गेले, त्याचा संसार झाला. तिचे एखादे जुने वर्ष आज छापले तर तो इतिहास होतो. इतिहास म्हणून तो सुंदर आहे, पण रोजच्या चहाबरोबर वाचण्याचा ऐवज नाही.

‘पीनट्स’मध्ये चार्ली ब्राउन पन्नास वर्षांत जेमतेम चारचा आठ झाला आणि तिथेच थांबला. लायनस आणि सॅली बाळ म्हणून आले, भराभर शाळेच्या वयाचे झाले आणि मग तेही थांबले. पट्टीत काळ आहे, पण तो सरळ रेषेत जात नाही, गोल फिरतो. वसंतात बेसबॉल सुरू होतो आणि चार्ली ब्राउनचा संघ हरतो. त्याच सुमारास पतंग झाडात अडकतो. उन्हाळ्यात मुले शिबिराला जातात. सप्टेंबरात शाळा. ऑक्टोबरच्या शेवटी लायनस भोपळ्याच्या शेतात ‘ग्रेट पम्पकिन’ या आपल्या कल्पनेतल्या थोर भोपळ्याची रात्रभर वाट पाहतो, आणि तो येत नाही. हे १९५९ पासून चालत आले. शरद ऋतूत लूसी फुटबॉल धरते, चार्ली ब्राउन धावत येतो, ती ऐन वेळी चेंडू काढून घेते. १६ डिसेंबरला श्रोडर बीथोव्हेनचा वाढदिवस पाळतो. फेब्रुवारीत चार्ली ब्राउनच्या पत्रपेटीत व्हॅलेंटाइनचे एकही कार्ड नसते.

पुनर्मुद्रण टिकले ते या चक्रामुळे. वाचक अंक उघडायचा तो विनोदाच्या नवेपणासाठी नव्हे. चाक यंदाही त्याच ठिकाणी आले का, एवढे त्याला पाहायचे असायचे. चेंडू काढून घेतला जाणार हे त्याला १९५५ मध्येही ठाऊक होते आणि १९९५ मध्येही. शुल्झ यांची करामत त्या ठरलेल्या शेवटापर्यंत जाण्याच्या वाटेत होती : यंदा लूसी त्याला कशी पटवते? कधी करारपत्र दाखवते, कधी बाईमाणसावर विश्वास ठेवायला सांगते, कधी त्याच्याच आशावादाची स्तुती करते. अशी पट्टी पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचताना काही बिघडत नाही, कारण पहिल्यांदा वाचतानाही शेवट गुपित नव्हता.

हे चक्र वृत्तपत्राच्या चक्राशी जुळलेले असते, ही गोष्टही महत्त्वाची. शाळा उघडण्याच्या आठवड्यात शाळेची पट्टी, बर्फ पडण्याच्या दिवसांत बर्फाच्या माणसाची. बाजूच्या पानावर हवामानाचा अंदाज आणि सणाच्या जाहिराती असतात. पट्टी जुनी असली तरी ती आजच्या अंकात बसते.

आता मांडणीबद्दल. १९५० मध्ये सिंडिकेटने ही पट्टी विकली तीच मुळी ‘कमी जागा लागते’ म्हणून. सारख्या आकाराच्या चार चौकटी. वृत्तपत्राला सोय असेल तशा त्या एका ओळीत लावा, दोनावर दोन रचा किंवा उभ्या एकाखाली एक लावा. शुल्झ यांना याचा राग होता, ‘पीनट्स’ या सिंडिकेटने लादलेल्या नावाचा तर शेवटपर्यंत होता. पण या जाचक चौकटीने पट्टीला तिची शिस्त दिली. चौकट कुठेही सरकू शकते म्हटल्यावर एका चौकटीतले चित्र दुसरीत वाहून चालत नाही. जागा लहान, म्हणून मागचा देखावा उडाला : गवताच्या चार काड्या, पायवाट, विटांची बुटकी भिंत. डोके मोठे, अंग छोटे, कारण चेहऱ्यावरचा भाव बोटभर उंचीत दिसायला हवा. वाक्ये आखूड. पुढे १९७० च्या दशकात कागद महागला आणि वृत्तपत्रांनी पट्ट्या आणखी लहान केल्या, तेव्हा बारीक रेखाटनाच्या पट्ट्यांत शाई भरून काळे डाग दिसू लागले. ‘पीनट्स’ला फारसा धक्का बसला नाही, कारण तिथे पांढरी जागाच जास्त होती.

चार चौकटींची लय नीट पाहण्यासारखी आहे. पहिलीत प्रसंग, दुसरीत बोलणे, चौथीत टोला. तिसरी चौकट ते पुष्कळदा निःशब्द ठेवत : दोन मुले भिंतीवर हात टेकून समोर पाहताहेत, बस्स. या एका चौकटीमुळे टोला विनोदाचा न राहता विचारासारखा उमटतो. शिकणारे चित्रकार पहिल्यांदा हीच चौकट भरून टाकतात आणि मग आपली पट्टी नुसती चुटका का वाटते ते त्यांना कळत नाही. १९८८ मध्ये शुल्झ यांनी चार समान चौकटींचा नियम सोडला, कधी तीन, कधी एकच लांब चौकट घेऊ लागले. त्या पट्ट्यांत चित्राला मोकळा श्वास मिळाला, पण ती जुनी लय विरळ झाली.

रविवारच्या पट्टीची अडचण वेगळी असते. तिच्या वरच्या ओळीत शीर्षकाची चौकट आणि तिला जोडून एखादी छोटी गंमत असते. जागा कमी असलेली वृत्तपत्रे ही ओळ काढून टाकतात. म्हणून ती असली तर मजा वाढली पाहिजे आणि नसली तर काही तुटता कामा नये. गोष्टीला लागणारी माहिती चुकून या ओळीत ठेवली तर निम्म्या वाचकांना विनोद कळत नाही. शुल्झ हा सांधा अचूक सांभाळत, त्यामुळे त्यांची रविवारची पट्टी वीस-तीस वर्षांनी कोणत्याही नव्या आकारात कापली तरी उभी राहते.

आणखी एक गोष्ट, जिचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही : काय दाखवायचे नाही हे त्यांना कळत होते. मोठी माणसे चौकटीत जवळजवळ येतच नाहीत. चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी याचे घर, सुरुवातीची वर्षे सोडली तर, बाजूनेच दिसते. आत व्हॅन गॉगचे चित्र आहे, बिलियर्डचे टेबल आहे असे आपण ऐकतो. १९६६ मध्ये ते घर जळते तेव्हा या सगळ्याचा शोक आपण करतो, आणि आत काय होते ते कधीच पाहिलेले नसते. चार्ली ब्राउनला मनातून आवडणाऱ्या लाल केसांच्या मुलीचा पहिला उल्लेख १९६१ चा. पट्टीत ती एकदाच दिसली, २५ मे १९९८ रोजी, तीही नुसती काळी आकृती म्हणून. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात तिला चेहरा मिळाला आणि ती कोणतीही एक गोड मुलगी झाली. वृत्तपत्रातली मात्र अजूनही प्रत्येक वाचकाची आपापली आहे. जे दाखवलेच नाही ते जुने होत नाही. केशभूषा, कपडे, घरातले सामान, सगळे त्यातून सुटते.

१९७४ च का

१७,८९७ पट्ट्यांतून कुठूनही सुरुवात करता आली असती. पहिल्या दिवसापासून करणे सर्वात स्वाभाविक वाटते, पण ते चुकले असते. १९५० मधला स्नूपी चार पायांवर चालणारे साधे पिल्लू आहे, त्याचे विचार फुग्यात येत नाहीत. सुरुवातीची शर्मी आणि पॅटी ही पात्रे पुढे विरून गेली. लूसी आणि लायनस यायला १९५२ उजाडते. २००० मधल्या वाचकाला रोजच्या जागेत अचानक अनोळखी मुले दिसली असती.

१९७४ पर्यंत घर भरलेले होते. स्नूपीचे लढाऊ वैमानिकाचे सोंग, फ्लाइंग एस, १९६५ पासून उडत होते, पेपरमिंट पॅटी १९६६ मध्ये आली, फ्रँकलिन १९६८ मध्ये, वुडस्टॉकला नाव मिळाले १९७० मध्ये, मार्सी १९७१ मध्ये, लूसीचा धाकटा भाऊ रीरन १९७३ मध्ये. रेषा घोटीव, हात न थरथरणारा, चार चौकटींची लय पूर्ण जोमात. शिवाय सव्वीस वर्षे हे अंतर असे की मोठ्या वाचकाला पुसटसे आठवते आणि त्याच्या मुलाने ती पट्टी कधीच पाहिलेली नसते. एकाच घरात ओळख आणि नवेपणा दोन्ही मिळतात. प्रारंभबिंदू निवडण्याची ही तीन मापे, म्हणजे पात्रे पूर्ण असणे, रेषा शिखरावर असणे आणि अंतर एका पिढीचे असणे, दुसऱ्या कोणत्याही जुन्या पट्टीलाही लावून पाहता येतील.

प्रत्यक्ष अंमलबजावणीत काय अडते

पहिली अडचण पंचांगाची. वर्षात ५२ आठवडे आणि वर एक दिवस असतो, लीप वर्षात दोन, म्हणून तारीख आणि वार यांची जोडी दरवर्षी सरकते. १९७४ चा नाताळ बुधवारी होता, २००० चा सोमवारी. रविवारची पट्टी आकाराने मोठी, ती रविवारीच गेली पाहिजे. सोमवार ते शनिवार चालणारी सहा दिवसांची छोटी गोष्ट मधून कापता येत नाही. म्हणून पट्ट्या तारखेने न सरकवता पूर्ण आठवड्यांनी सरकवाव्या लागतात. वार जुळतो, तारखेत जास्तीत जास्त तीन दिवसांचा फरक राहतो. एरवी तो फरक कुणाला दिसत नाही, पण सणाला खटकतो. बुधवारची नाताळाची पट्टी सोमवारी हवी असेल तर त्या आठवड्यापुरता क्रम हाताने बदलावा लागतो. आणि नाताळ रविवारी आला, जसा २००५ मध्ये आला, तर दैनिक पट्टी रविवारच्या जागेत पुरतच नाही. जवळच्या रविवारची नाताळाची पट्टी शोधावी लागते. ज्या पट्टीत नुसता बर्फ आहे ती कुठेही चालते. ज्या पट्टीत पात्र ‘उद्या’ किंवा ‘काल’ म्हणते ती आधी वेगळी काढून ठेवावी लागते.

दुसरी, प्रासंगिक संदर्भांची. शुल्झ बातम्यांपासून दूर राहत, पण पूर्ण नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये स्नूपी बेसबॉलपटू बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडण्याच्या बेतात असतो आणि हँक ॲरनशी त्याची शर्यत लागते. त्या उन्हाळ्यात ॲरन खरोखर त्या आकड्याजवळ पोचत होते आणि एका कृष्णवर्णीय खेळाडूने तो विक्रम मोडू नये म्हणून त्यांना द्वेषाची पत्रे येत होती. स्नूपीलाही तशीच पत्रे येतात. तेव्हाच्या वाचकाला हे लगेच भिडले. एप्रिल १९७४ मध्ये ॲरननी विक्रम मोडला आणि त्या पट्ट्यांना प्रस्तावनेची गरज निर्माण झाली. अशा पट्ट्या पुस्तकात राहाव्यात. रोजच्या जागेत त्या धड विनोद राहत नाहीत, धड इतिहासही होत नाहीत. पण सतरा हजारांत अशा पट्ट्या थोड्या आहेत. लूसी ज्या खोक्यामागे बसून मानसोपचाराचा सल्ला देते त्यावरचे पाच सेंट १९५९ मध्येही हास्यास्पद वाटण्याइतके कमीच होते, म्हणून महागाईने त्यांचे काही बिघडवले नाही. टंकलेखन यंत्र आणि तबकडीचा फोन आज मुलांना विचारावे लागतात, पण प्रसंग अडत नाही.

तिसरी, रंगाची. दैनिक पट्ट्या मुळात काळ्या-पांढऱ्या. पुढे वृत्तपत्रांना रोजचे पान रंगीत हवे झाले आणि पुनर्मुद्रणातल्या दैनिक पट्ट्यांना नंतर रंग चढवले गेले. इथे काम घाईने झाले की पहिला बळी त्या निःशब्द तिसऱ्या चौकटीचा. पांढऱ्या आकाशाच्या जागी गडद निळा पट्टा आला की रिकामेपण बुजते. रंग फिके ठेवावेत आणि पार्श्वभूमी शक्य तिथे कोरी सोडावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

किंमत कोणी मोजली

दुसरा रस्ता सोडून दिल्याची किंमत नव्या चित्रकारांनी मोजली. वृत्तपत्राच्या पानावर जागा मोजक्या असतात आणि नवी पट्टी आत यायची तर जुनी बाहेर जावी लागते. सर्वात जास्त वृत्तपत्रांत असलेल्या पट्ट्यांपैकी एक थांबली आणि तिची जागा मोकळी झाली नाही, म्हणजे दोन हजारांहून अधिक दारे बंदच राहिली. ही तक्रार चित्रकारांनी उघडपणे केली आणि ती खरी आहे. संपादक एखादी पट्टी आठवडाभर काढून पाहतात, तक्रारी मोजतात आणि त्यावर ठरवतात. या पद्धतीत जुना वाचक पत्र लिहितो, तर जो वाचक अजून आलाच नाही तो लिहू शकत नाही. त्यामुळे निकाल नेहमी जुन्या पट्टीकडे झुकतो. आमच्या मते मधला रस्ता शक्य होता : रविवारची मोठी पट्टी जुनी ठेवायची आणि रोजची जागा नव्यांना द्यायची. काही वृत्तपत्रांनी तरी तो घ्यायला हवा होता.

आणि तरीही, व्यवसायबंधूंचे प्रेम कमी झाले नाही. २७ मे २००० रोजी कितीतरी चित्रकारांनी आपापल्या पट्टीत ‘पीनट्स’चा काही ना काही उल्लेख करून शुल्झ यांना मानवंदना दिली.

वृत्तपत्राबाहेर या निर्णयाचा एक मोठा फायदा झाला. पट्टी एका हाताची आणि संपलेली, म्हणून ती पूर्ण छापता आली. २००४ ते २०१६ या काळात प्रत्येक खंडात दोन वर्षे या हिशेबाने संपूर्ण ‘पीनट्स’ पंचवीस खंडांत आली आणि सव्विसाव्यात इतर चित्रे. सुरुवातीच्या वर्षांतल्या कितीतरी पट्ट्या पुस्तकात कधीच आल्या नव्हत्या, त्या शोधून लावाव्या लागल्या. दोन-तीन वारसांच्या हातून पट्टी पुढे गेली असती तर ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थच ठरवता आला नसता.

शेवटची फुटबॉलची पट्टी २४ ऑक्टोबर १९९९ च्या रविवारची. बारा आठवड्यांचा साठा धरला तर ती आजारपणाच्या बरीच आधी, उन्हाळ्यात काढलेली असणार. लूसी चेंडू धरून बसली आहे, चार्ली ब्राउन तयार आहे, आणि तिला घरातून हाक येते. ती चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन आत जाते. रीरन म्हणजे पुन्हा दाखवलेला, हे नाव तिनेच त्याला ठेवले होते. थोड्या वेळाने रीरन घरी येतो. लूसी विचारते, काय झाले, चेंडू काढून घेतलास की त्याने मारला? रीरन म्हणतो की ते तुला कधीच कळणार नाही. बाहेर काय घडले ते शुल्झ यांनी चौकटीत दाखवलेले नाही.